सांध्यांचे दुखणे आणि हृदय

कापूस वेचणीचे दिवस होते. दारव्ह्याकडील एका खेड्यातून मावशी नेहमीप्रमाणे दुखण्याची गोळी लिहून घेण्यास आल्या. आमवाताने बोटे वाकली होती. वेचणी सुटून चार वर्षे झाली होती. उठता उठता म्हणाल्या, "साहेब, बोटायचं जाऊ द्या, पण न्हाणीपर्यंत गेलं तरी दम लागते जी." ईसीजी काढला. हृदयविकाराचा झटका कधीच येऊन गेला होता.

त्या दिवशी मला माझीच चूक दिसली. चार वर्षे मी सांधे तपासत आलो. रक्तदाब मोजल्याची नोंद मात्र दोनदाच. छातीत दुखत नाही, असे त्या सांगत आणि मी निर्धास्त राही. ज्याचे चालणेच थांबले, त्याच्या छातीत चालताना दुखणार कसे, हे मला सुचले नव्हते.

आमवात, म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा केवळ सांध्यांचा आजार नव्हे. त्यातील दाह रक्तवाहिन्यांच्या अस्तरापर्यंत पोहोचतो. म्हणून या रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या वेदना शमवतात, आजार रोखत नाहीत. दीर्घकाळ घेतल्यास त्या रक्तदाब वाढवतात आणि हृदयाला धोका निर्माण करतात. वेदनाशामकांपैकीच एक, रोफेकॉक्सिब, हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ साली बाजारातून काढून घेण्यात आले.

मेथोट्रेक्सेटचे काम निराळे आहे. ते दाहालाच आवर घालते आणि ते नियमित घेणाऱ्या आमवाताच्या रुग्णांत हृदयविकार कमी आढळतो. तरीही ते हृदयाचे औषध नव्हे. आमवात नसलेल्या हृदयरुग्णांवर उत्तर अमेरिकेत झालेल्या आणि २०१८ साली जाहीर झालेल्या मोठ्या अभ्यासात त्याने झटके कमी झाले नाहीत. म्हणून रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल यांवरील उपचार वेगळे करावेच लागतात.

घरच्यांना माझी विनंती आहे. वेदनाशामक गोळ्या मनाने आणू नयेत. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी द्यावे. चुकून रोज दिले तर जिवावर बेतते. दुखणे थांबले म्हणून ते परस्पर बंद करू नये. खर्रा आणि विडी सुटलीच पाहिजे. दम लागणे, अकारण थकवा, जबड्यात वा खांद्यात नवे दुखणे यांना 'वाताचेच असेल' म्हणून सोडून देऊ नये.

मावशींवर यवतमाळला हृदयाचे उपचार झाले. आता दर सोमवारी नातू त्यांना गोळी देतो आणि कॅलेंडरवर खूण करतो. मीही बोटे पाहण्याआधी रक्तदाबाचा पट्टा बांधतो.