राखेने माखलेला साक्षीदार

सातारा,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चिरंजीव बाळ यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. दिवाळीच्या सुटीत आपण दोघांनी मिळून पाहिलेल्या, स्पीलबर्गच्या २००५ सालच्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या चित्रपटावर तू जी चार कलमी फिर्याद गुदरली आहेस, तिच्यातील एकही कलम पोरकट नाही. कथा ऐकताना ज्याची बुद्धी जागी राहते अशा श्रोत्याच्याच मनात उठावेत असे ते आक्षेप आहेत, आणि म्हणूनच थातुरमातुर जबाब देऊन मोकळे व्हावे असे मला वाटेना. माझी सारी नोकरी जिल्हा न्यायालयाच्या दप्तरात, साक्षीदारांचे जाबजबाब उतरून घेण्यात आणि त्यांच्या नकला ताडून पाहण्यात गेली, हे तू जाणतोसच. एखादी हकिकत खरी वाटते म्हणजे नेमके काय होते, या प्रश्नाशी माझी ओळख चित्रपटगृहापेक्षा कचेरीतच अधिक झाली, आणि पुढे जे लिहितो आहे ते त्याच अनुभवाच्या आधारे.

तुझे पहिले कलम त्या कॅमेऱ्याविषयीचे. वीज एकाच जागी सव्वीस वेळा कोसळते, मोटारी जागच्या जागी थबकतात, नायकाच्या मनगटावरचे घड्याळसुद्धा बंद पडते. आणि असे असता, रस्ता फोडून ते तीन पायांचे प्रचंड यंत्र वर येते तेव्हा गर्दीतला एक इसम व्हिडिओ कॅमेऱ्याने त्याचे चित्रण करीत असतो, कॅमेरा त्याच्या हातून गळून पडतो, आणि त्याच्या चिमुकल्या पडद्यावर माणसे भस्म होताना आपल्याला दिसतात. हा विसंवाद आहे, मला कबूल. तो अधिक बोचतो याचे कारण असे, की विजेच्या साधनांविषयीचा नियम खुद्द कथाकारानेच घालून दिलेला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी तो काटेकोरपणे पाळलाही आहे: बंद पडलेल्या गाडीचा सोलेनॉइड बदलून पाहा, असे नायक गॅरेजवाल्याला जाता जाता सांगतो आणि पुढे तेवढी एकच गाडी चालू होऊन त्याच्या मुलांचा जीव वाचतो. परंतु साक्षीतील विसंगती दोन जातींच्या असतात. घटना रात्री आठ वाजता घडली की नऊ वाजता, कंदील उजव्या हाती होता की डाव्या, ही एक जात. आणि साक्षीदार त्या जागी मुळात हजर तरी होता काय, असा संशय उत्पन्न करणारी ही दुसरी. पहिलीने साक्षीला डाग लागतो, दुसरीने ती निकालात निघते. कॅमेऱ्याचे प्रकरण पहिल्या जातीत मोडते, असे माझे मत आहे.

याला एक जुना दाखला आहे. १९३८ च्या ऑक्टोबरच्या ३० तारखेस ऑर्सन वेल्सने हीच कथा न्यूयॉर्कहून नभोवाणीवर सादर केली, आणि घटनास्थळ म्हणून न्यू जर्सीतील ग्रोव्हर्स मिल हे खेडे निवडले. त्यातील वार्ताहर प्रिन्स्टनच्या वेधशाळेतून निघतो आणि अकरा मैलांचा रस्ता आपण दहा मिनिटांत तोडला असे सांगतो. प्रत्यक्ष कार्यक्रमात तर तेवढाही वेळ गेलेला नसतो. पाऊण तासाच्या आत सैन्ये गोळा होतात, नामशेष होतात, न्यूयॉर्क पडते. त्या रात्री सारा देश रस्त्यावर धावत सुटला, या कथेत वृत्तपत्रांनी बरीच भर घातली हे आता सिद्ध झाले आहे. पण काही लोक खरोखर भ्याले, हेही तितकेच खरे. घड्याळाचा हिशेब त्यांना का सुचला नाही? सुचला नाही, कारण नृत्यसंगीत मध्येच थांबवून बातमी यावी, पुन्हा संगीत सुरू व्हावे, वार्ताहराचा आवाज वाक्याच्या मध्यावर तुटावा आणि त्यामागून निव्वळ शांतता यावी, ही सांगण्याची तऱ्हाच मुळी सत्य सांगणाऱ्याची होती. जो मरण पावला तो वाक्य पुरे करीत नाही, एवढी एक गोष्ट त्या नाटकात कोणी विसरले नाही.

माझ्या सांगण्याचा गाभा येथेच आहे. एच. जी. वेल्सने १८९७ साली मंगळवासीयांच्या स्वारीची ही मूळ कथा मासिकातून क्रमशः लिहिली (पुस्तकरूपाने ती पुढल्या वर्षी आली), तेव्हा वोकिंग गावाभोवतीचा सगळा मुलूख सायकलवरून हिंडून, कोणती घरे आणि कोणती माणसे मंगळवासीयांकडून नष्ट करवावयाची, याची त्याने जणू पाहणी केली होती. अशक्य गोष्ट एकच मागून घ्यावयाची, आणि तिच्या भोवतालचे सारे आळीतल्या दिव्याइतके ओळखीचे ठेवावयाचे, ही त्याची रीत. श्रोता ती एक गोष्ट उसनी देतो. मात्र उसनवारीची फेड कथाकाराने माणसांच्या वागण्यात करावयाची असते. मंगळावरून नळकांडी येऊ शकोत किंवा न शकोत, ती आली असता शेजारचा माणूस काय करील, हे आपणा प्रत्येकाला थोडेबहुत ठाऊक असते, आणि तेथे खोटेपणा केलेला आपण सहन करीत नाही.

१९६७ च्या डिसेंबरात, ११ तारखेच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी नुकताच नोकरीस लागलो होतो, आणि मामांच्या शोधार्थ पाटण तालुक्यात गेलो होतो. एका वस्तीत घराच्या चारही भिंती बसल्या होत्या, फक्त चौकट आणि तिचे दार उभे होते. एक वृद्ध गृहस्थ त्या दारातून बाहेर आले, दार ओढून घेतले, कडी घातली, कुलूप लावले, दोनदा ओढून पाहिले आणि किल्ली कनवटीस लावून चालू लागले. शेजारून कोणीही आत जाऊ शकत होते. ही गोष्ट मी रचून सांगितली असती तर तू ती अतिशयोक्ती म्हणून बाजूस सारली असतीस, पण मी ती पाहिली आहे.

आता त्या चित्रपटातील नायक पाहा. रे फेरियर हा बंदरावर क्रेन चालवणारा, घटस्फोट झालेला, मुलांना आठवड्याच्या अखेरीस सांभाळणारा मनुष्य. जे पाहिले ते पाहून तो घरी येतो, आरशात बघतो आणि त्याला उमगते, की केसांवर आणि चेहऱ्यावर बसलेली ही करडी पूड म्हणजे मघाशी आपल्या बाजूला धावत असलेली माणसे आहेत. आणि तो ती पिसाटासारखा झटकू लागतो. मग मुलाला घरातले अन्न गोळा करावयास सांगतो, आणि दूर गेल्यावर खोके उघडून पाहतात तो आत सॉसच्या आणि राईच्या चटणीच्या बाटल्या. धाकट्या मुलीला तो शेंगदाण्याच्या लोण्याचा पाव देतो, तेव्हा ती सांगते की मला हे चालत नाही. कधीपासून, असे बाप विचारतो, तर उत्तर येते, जन्मापासून. संतापून तो पाव खिडकीच्या काचेवर भिरकावतो आणि तो काचेला चिकटून सावकाश खाली सरकतो. बाळ, त्या कुलूपवाल्या वृद्धाचा हा सख्खा भाऊ आहे. टॉम क्रूझसारखा विख्यात नट येथे सेनापतींच्या मसलतीत नाही, राष्ट्राध्यक्षांच्या दालनात नाही. पटकथाकार डेव्हिड केप आणि दिग्दर्शक यांनी नामांकित इमारतींचा विध्वंस आणि नकाशांवर वाकलेले सेनाधिकारी हे या जातीच्या चित्रपटांतले ठरीव देखावे बुद्ध्याच वर्ज्य केले. आरंभीचे आणि अखेरचे निवेदन सोडले, तर या एका बंदर-कामगाराला जेवढे दिसले तेवढेच आपणास दिसते, आणि जे टेकडीआड घडले ते टेकडीआडच राहते. युद्धाचा असा अर्धवट, ऐकीव, अफवांनी भरलेला वृत्तान्तच खऱ्या साक्षीदाराचा असतो.

तुझे दुसरे कलम, जमिनीत पुरलेल्या यंत्रांचे, मी बिनतक्रार मान्य करतो. ज्या भूमीत गटारे, बोगदे, इमारतींचे पाये शंभर ठिकाणी खोदले गेले, तेथे एवढी अवाढव्य यंत्रे युगानुयुगे कोणाच्या कुदळीला लागू नयेत, हे पटत नाही. वेल्सच्या पुस्तकात ती मंगळावरून तोफगोळ्यांसारखी सुटतात, चोवीस चोवीस तासांच्या अंतराने, एकंदर दहा. तेथे सारे गणित चोख आहे. पुरलेल्या यंत्रांनी आपल्या पायाखालची जमीनच शत्रूची आहे ही भीती तेवढी मिळवली, पण तिची किंमत मोठी पडली, कारण त्यामुळेच तुझे तिसरे कलम बळकट झाले: ज्यांनी इतका काळ आधी बेत रचला त्यांनी येथले पाणी आणि येथले जंतू तपासून पाहू नयेत काय? वेल्सचे मंगळवासी जंतूंना अनोळखी होते, कारण त्यांच्या ग्रहावर जंतूच नव्हते.

मात्र जंतूंचा शेवट हा कथाकाराने आयत्या वेळी काढलेला पळपुटा मार्ग आहे, हे तुझे म्हणणे मी मान्य करणार नाही. वेल्स हा हक्स्लीकडे प्राणिशास्त्र शिकलेला मनुष्य. ज्या वर्षी ही कथा मासिकातून येत होती त्याच वर्षी आपल्या मुंबई-पुण्यात प्लेगने हाहाकार मांडला होता. त्या रोगाचा जंतू येर्सिनने अवघ्या तीन वर्षांपूर्वी हाँगकाँगला शोधून काढला होता, आणि १८९७ च्या जानेवारीत हाफकिनने मुंबईत त्यावरची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. डोळ्यांना न दिसणारा जीव राज्ये हलवू शकतो, ही त्या पिढीला छापील गोष्ट नव्हती. शिवाय पूर्वसूचना दिली असली म्हणजे शेवट आयता राहत नाही. १९५३ च्या, बायरन हॅस्किनने दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात अणुबाँबही निष्फळ ठरतो. पण त्याआधीच शास्त्रज्ञ मंगळवासीयाचे रक्त तपासून ते निकस असल्याचे पाहतात. स्पीलबर्गने तीच सूचना एका काट्यात ठेवली: मुलीच्या तळव्यात कुसळ रुतते, बाप काढू पाहतो, तर ती म्हणते, राहू दे, माझे शरीर वेळ आली की आपणच त्याला बाहेर ढकलील. पहिल्या खेपेस आपण त्याकडे दुर्लक्ष करतो. याच्याशेजारी १९९६ चा ‘इंडिपेन्डन्स डे’ ठेवून पाहा, ज्यात संगणकाचा विषाणू परक्यांच्या नौकेत सोडून विजय मिळवला जातो. तेथे कोणताही काटा कोणाच्याही हातात रुतलेला नाही.

चौथे कलम तू सर्वांत शेवटी आणि सर्वांत थोडक्यात मांडलेस, पण खरा दोष तोच. थोरला मुलगा रॉबी, लढाई पाहिल्याशिवाय मला राहवणार नाही म्हणून बापाचा हात सोडवतो; त्याच क्षणी मागे भली माणसे धाकट्या रेचलला निराधार समजून आपल्याबरोबर नेऊ लागलेली असतात; बापाला दोघांतून एक निवडावे लागते आणि तो मुलाला जाऊ देतो. टेकडीपलीकडे सारे आभाळ पेटते. पुढचा सारा चित्रपट त्या निवडीच्या भाराखाली चालतो. आणि बॉस्टनला आजी-आजोबांच्या घराच्या उंबरठ्यावर तो मुलगा धडधाकट उभा! (ते आजी-आजोबा म्हणजे १९५३ च्या चित्रपटातील नायक-नायिका, जीन बॅरी आणि अॅन रॉबिन्सन; त्यांना पाहून झालेला माझा आनंदही त्या धक्क्यात विरून गेला.) तू म्हणशील, वेल्सच्या पुस्तकातही शेवटी निवेदकाला पत्नी परत भेटते. भेटते खरी, पण तिला त्याने लेदरहेडला ठेवलेले असते, आणि तिचे काय झाले हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले नसते. येथे आपण पाहिले आहे. जेवढे बापाने पाहिले तेवढेच आपण पाहावयाचे, असा करार करून दोन तास आपल्याला साक्षीस धरले, आणि शेवटी आपलीच साक्ष खोटी ठरवली. कॅमेऱ्याने साक्षीला डाग लागला होता. हा प्रसंग दुसऱ्या जातीचा आहे.

एवढे असूनही मी तो पुन्हा पाहीन, आणि तू पाहशील तर तळघरातील प्रसंगापाशी थांब. तेथे आसरा देणाऱ्या ओगिल्वीच्या आरडाओरडीने सर्वांचा जीव जाणार हे कळल्यावर रे मुलीचे डोळे कापडाने बांधतो, तिला अंगाईगीत म्हणावयास सांगतो, पलीकडच्या खोलीत जातो आणि दार लावून घेतो. आपण मुलीपाशीच राहतो. ती गात असते, दाराआड झटापट होते, मग थांबते, आणि दार उघडून बाप येऊन तिच्याजवळ बसतो. काय घडले ते कोणी बोलत नाही, तीही विचारत नाही. त्या बंद दाराकडे मी प्रत्येक वेळी तू बसला होतास तसाच, गुडघे पोटाशी घेऊन बसतो.

१९५३ च्या चित्रपटाची तबकडी मिळाली तर नाताळात येताना घेऊन ये. तुझ्या काकूने डिंकाचे लाडू पाठवले आहेत, ते एकट्याने संपवू नकोस. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
काका