गाल बसला, मेंदूही तपासा

जठारपेठेत भाजी घेताना कुणी ना कुणी विचारायचंच, "काहून वं, पोरीचा गाल असा बसला?" लेक तेव्हा चौथीत होती. आधी तिची डावी भुवई विरळ झाली. मग भांगापासून भुवईपर्यंत तपकिरी रेघ उमटली. बोट फिरवलं की खोलगट लागायची. हळूहळू डावा गालही आत गेला. कुणी दाढेचं दुखणं म्हणे, कुणी अशक्तपणा. डिंकाचे लाडू सुरू झाले. वजन वाढलं, गाल काही भरेना. त्यात डावीकडचं डोकं सारखं ठणकायचं.

एका दुपारी जेवता जेवता तिच्या ओठाचा उजवा कोपरा ओढला जाऊ लागला. उजव्या हाताची बोटं झटके देऊ लागली, भाकरीचा घास वरणात पडला. ती शुद्धीवर होती. "आई, हात ऐकत नाही," एवढंच म्हणाली. शेजारच्या काकू कांदा घेऊन धावल्या, तोवर झटके आपोआप थांबलेही होते.

नागपूरला मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआय करायला लावला. मेंदूच्या डाव्या भागात पांढरे डाग निघाले. या आजारात डाग बहुधा झिजलेल्या चेहऱ्याच्याच बाजूला असतात, आणि डावा मेंदू उजवं अंग चालवतो, म्हणून झटके उजवीकडे. आजाराचं नाव पॅरी-रॉम्बर्ग. इंग्लंडच्या पॅरींची नोंद त्यांच्या मृत्यूनंतर १८२५ मध्ये छापली गेली, जर्मनीच्या रॉम्बर्गांची १८४६ मध्ये. नेमकं कारण अजून हाती लागलेलं नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच उलटत असावी, असा डॉक्टरांचा कयास.

फिटची गोळी रोजची. प्रतिकारशक्ती आवरणारी मेथोट्रेक्सेटची गोळी मात्र आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. म्हणून कॅलेंडरवरच्या प्रत्येक रविवारभोवती मी पेनाने गोल करून ठेवते. मधूनमधून रक्त तपासावं लागतं. गालात चरबी भरायची शस्त्रक्रिया आजार थांबल्यावरच करता येते, आणि थांबायला कित्येक वर्षं लागू शकतात.

या आजारात सगळ्यांनाच फिट येते असं नाही. पण मुलाचा अर्धाच चेहरा बारीक होत असेल आणि सोबत डोकेदुखी किंवा झटके असतील, तर त्वचेच्या डॉक्टरांबरोबर मेंदूच्या डॉक्टरांनाही दाखवा. फिट आली तर हुंगायला कांदा, चप्पल नको, तोंडात चमचाही नको. कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना गाठा.