तेलाचा ताप

ऑफिसमध्ये सोमवारी सकाळी 'वीकेंडला काय केलंस?' हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि उत्तर कोणालाच नको असतं. मी 'विशेष काही नाही' म्हणून मोकळा होतो. खरं उत्तर इथे लिहितो, कारण इथे तुम्ही आपण होऊन आला आहात. :)

तर या वेळचं खरं उत्तर: गाडीच्या गिअरबॉक्सला वेगळा कूलर बसवला. आणि तो बसवायला अण्णा होते.

आधी गाडीबद्दल. २००८ ची, चार लिटरचं व्ही-६ इंजिन, पाच गिअरची ऑटोमॅटिक, फोर व्हील ड्राइव्ह. कंपनीचं नाव घेतलं की मंडळींत लगेच दोन पक्ष पडतात, म्हणून ते राहू दे. सॅन दिएगोहून दोन तासांवर वाळवंट सुरू होतं, आणि थंडीच्या दिवसांत आमचे बरेचसे वीकेंड तिकडेच जातात. दगडधोंड्यांत गाडीने कधी तक्रार केली नाही. वाळू मात्र वेगळं प्रकरण आहे.

अण्णा तीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, साताऱ्याला. रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी इकडे आले. पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात त्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. तिसऱ्या महिन्यात ते खिडकीशी बसून कचऱ्याच्या ट्रकचा हायड्रॉलिक हात बघायला लागले, तेव्हा बायको म्हणाली, "अरे, त्यांना कुठेतरी घेऊन जा, कोंडल्यासारखं झालंय त्यांना." म्हणून मोहावी रोडचा बेत ठरला. कोलोरॅडो नदीपासून बारस्टोच्या अलीकडेपर्यंत सुमारे १३८ मैलांचा कच्चा रस्ता आहे हा. आधी मोहावी लोकांची पायवाट, मग घोडागाड्यांचा रस्ता. मधे बराच वेळ मोबाईलला रेंज नाही, मेकॅनिक नाही, प्यायचं पाणी आपलं आपण न्यायचं. आणि बरोबर सत्तरी ओलांडलेला माणूस आणि सहा वर्षांची मुलगी. एकटा असतो तर इतका विचार केला नसता, पण आता करणं भाग होतं.

आता जरा तांत्रिक. कंटाळा आला तर चार परिच्छेद सोडून द्या, मी रागावणार नाही.

ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं पेडल नसतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे टॉर्क कन्व्हर्टर नावाचा बंद डबा असतो, त्यात तेल. इंजिन एका बाजूची पाती फिरवतं, ती तेलाला ढकलतात, तेल समोरची पाती फिरवतं. दोन्ही बाजू सारख्या वेगाने फिरत असतील तर प्रश्न नाही. हायवेवर तर आतला एक लॉक-अप क्लच दोन्ही बाजू जोडूनच टाकतो. पण वाळूत इंजिन जोरात फिरतंय आणि गाडी पंधराच्या वेगाने रांगतेय, अशा वेळी दोन बाजूंच्या वेगातला फरक तेलात घुसळला जातो, आणि त्या घुसळण्याची उष्णता होते.

हे मी अण्णांना फळ्यावर आकृती काढून सांगत होतो (हो, घरी फळा आहे, धंद्याची सवय). दोन मिनिटं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे अर्धा क्लच दाबून खंबाटकी चढवल्यासारखं की."

बरोब्बर! आर्किटेक्चर रिव्ह्यूमध्ये असं एका वाक्यात समजून घेणारा माणूस मिळत नाही. फरक इतकाच की क्लचप्लेट जळली की वास येतो आणि ड्रायव्हरला कळतं. इथे नुसतं तेल तापत राहतं, गुपचूप. गिअरबॉक्सवाल्यांचा जुना ठोकताळा असा की तेल ८० अंश सेल्सियसच्या वर गेलं, की दर ११-१२ अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होत जातं. ठोकताळाच आहे तो, पण दिशा बरोबर आहे. फार तापलेलं तेल आधी वार्निश सोडतं, मग रबरी सील कडक होतात, मग आतल्या क्लचप्लेटा घसरायला लागतात. तोवर बिल चार-पाच हजार डॉलरवर गेलेलं असतं, म्हणजे माझ्या गाडीच्या किमतीएवढं.

मूळ व्यवस्था काय असते? बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या टाकीतच एक छोटा कूलर बसवलेला असतो. बाहेर इंजिनचं कूलंट, आत गिअरबॉक्सचं तेल. डिझाइन हुशारीचं आहे: थंडीत कूलंट तेलाला लवकर गरम करतं, उन्हाळ्यात थंड करतं. अडचण दोन. एक, कूलंट स्वतःच ९० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे तेल त्याच्या खाली जाऊच शकत नाही. दुसरी जास्त वाईट: दोन द्रवांच्या मधे पत्र्याची एकच भिंत. ती चिरली की कूलंट तेलात. निसानच्या २००५ ते २०१० च्या पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रंटियर या गाड्या याच दुखण्यासाठी प्रसिद्ध झाल्या. लोकांनी त्याला 'स्ट्रॉबेरी मिल्कशेक' नाव दिलं, कारण तेलाचा रंग रूह अफजा घातलेल्या दुधासारखा होतो. त्यातलं ग्लायकॉल क्लचप्लेटांवरचं अस्तर चिकटवलेला गोंदच खातं. २०१० मध्ये कंपनीने या रेडिएटरची वॉरंटी आठ वर्षं किंवा ८०,००० मैलांपर्यंत वाढवली. माझ्या गाडीत असं काही झालेलं नाही. पण सर्व्हरच्या दुनियेत आपण ज्याला 'एकच जागा बिघडली की सगळं बंद' म्हणतो, ती ही जागा.

अंदाजावर काम करायचं नाही म्हणून आधी मोजमाप. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पेट्रोल कारला डॅशबोर्डखाली ओबीडी-२ चं सॉकेट असतंच. त्यात वीसेक डॉलरचं ब्लूटूथ यंत्र खुपसलं, फोनवर अ‍ॅप. गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान ठरलेल्या कोडांत नसतं, दर कंपनीचा कोड निराळा, तो शोधून भरावा लागतो. ऑक्टोबरात ओकोटिलो वेल्सच्या एका वाळूच्या ओढ्यात वीस मिनिटं गाडी हाकली. हायवेवर ८८ असलेला आकडा ११८ वर गेला. डॅशबोर्डवर एक दिवाही लागला नाही. इंजिनचा काटा जिथल्या तिथे.

आकडा बघूनही अण्णांचं मत ठाम होतं. "कंपनीनं दिलंय ते कशाला मोडायचं? गाडी बनवणाऱ्याला अक्कल न्हाई व्हय?"

हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. मीसुद्धा दुसऱ्याच्या चालत्या कोडला हात लावणाऱ्या ज्युनिअरला हेच विचारतो. माझं उत्तर असं: बनवणाऱ्याला अक्कल आहेच, पण त्याने शंभर गिऱ्हाइकांचा विचार केला, आणि त्यातले बहुतेक मुलांना शाळेत सोडतात. वाळूत जाणारा मी एकटा. अण्णा यावर "हं" म्हणाले. त्यांच्या 'हं'चे किमान चार अर्थ होतात. हा त्यातला 'कर, मग बघू' होता.

पुढचा निर्णय खरा अवघड. नवा कूलर रेडिएटरच्या पुढे साखळीत जोडायचा, की रेडिएटरला पूर्ण वगळायचं? साखळीत जोडला तर तेल आधी कूलंटकडे जातं, मग हवेने थंड होतं, मग परत. मिनेसोटासारख्या ठिकाणी राहत असाल तर हेच करा, नाहीतर हिवाळ्यात तेल गरमच होणार नाही आणि घट्ट तेलाने गिअर नीट पडत नाहीत. आमच्याकडे बर्फ पडत नाही, आणि मला ती एक पत्र्याची भिंत नको होती. म्हणून रेडिएटर वगळला. फुकट काहीच नसतं: आता सकाळी तेल तापायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे पहिली काही मिनिटं गाडी हळू चालवतो.

कूलर निवडताना पाहायचं ते त्याची जात. साधी नळी-आणि-पंख्यांची जात स्वस्त, पण कमी कामाची. एकावर एक चपट्या पट्ट्या रचलेली जात तेवढ्याच जागेत जास्त उष्णता काढते, ती घेतली. बसवायची जागा एसीच्या कंडेन्सरच्या पुढे, जिथे हवा पहिली लागते. डब्यात प्लास्टिकच्या काड्या येतात, कंडेन्सरच्या आरपार घालून कूलर बांधायला. त्या सरळ फेकून दिल्या. वर्षभराच्या थरथराटाने कूलर आणि कंडेन्सर एकमेकांना घासतात आणि मग दोन्ही गळतात. लोखंडी पट्ट्या वाकवून, भोकं पाडून चेसिसला पकडलं.

शनिवारी सकाळी मी ग्रिल काढलं तेव्हा अण्णा गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले. चहा हातात, पाना नाही. लहानपणी डेपोत डबा घेऊन गेलो की ते मला बसपासून लांब उभं करायचे. "हात काळं करायचं न्हाईत. ज्यांनी शाळा केली न्हाई त्यांनी करायचं ते." पाना धरायला त्यांनी मला कधीच शिकवलं नाही, मुद्दाम. मी जे काही शिकलो ते चाळिशीच्या आसपास, यूट्यूबवर. आणि आता ते बसून बघत होते, ज्या मुलाचे हात स्वच्छ राहावेत म्हणून तीस वर्षं घासली, तो सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या पैशाने हात काळे करतोय.

मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. कदाचित वाटलंही असेल, विचारलं नाही.

नळी घेताना एक लक्षात ठेवा, पेट्रोलची नळी चालत नाही. गिअरबॉक्सच्या तेलासाठीचीच घ्यायची, तिच्यावर 'एसएई जे१५३२' असं छापलेलं असतं. गाडीच्या लोखंडी नळ्यांच्या तोंडाशी एक उंचवटा असतो, त्याच्या मागे क्लॅम्प बसला पाहिजे, नाहीतर गरम नळी दाबाने सटकते. मी दुसरा क्लॅम्प आवळत होतो तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अण्णा वाकले, नळी दोन बोटांत धरून हलवली आणि रेडिएटरच्या आधाराची कड दाखवली.

"हितं घासतंय. आज न्हाई, सा म्हयन्यानं."

मग त्यांनी बागेतल्या जुन्या पाण्याच्या पाइपचा वीतभर तुकडा मागितला, उभा चिरला आणि त्या नळीवर कोटासारखा चढवला. दोन्ही टोकांना तारेने बांधला. असं किती लाल डब्यांत केलं असेल त्यांनी! त्यानंतर खुर्ची रिकामीच राहिली. मीच उलट "तो पाना द्या, हा घ्या" करत हेल्पर झालो.

कूलर भरायला जवळपास लिटरभर तेल जास्त लागलं. कंपनीने सांगितलेलंच तेल घाला, 'सगळ्या गाड्यांना चालतं' वालं नको. इंजिन सुरू करून सगळे गिअर एकदा फिरवले, गरम झाल्यावर डिपस्टिक बघितली, प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच. खर्च दोनशे डॉलरच्या आत.

पुढच्या आठवड्यात त्याच ओढ्यात, तेवढीच वीस मिनिटं. हायवेवर ६६, वाळूत सगळ्यात जास्त ९१. थेट सत्तावीस अंशांचा फरक.

नोव्हेंबरात मोहावी रोड झाला. फोन अण्णांकडे दिला होता, ते कंडक्टरने तिकिटं पुकारावीत तसे आकडे पुकारत होते: "ब्याऐंशी... पंच्याऐंशी... हळू घे... ऐंशी." सोडा लेकचं तळं कोरडं होतं, ते ओलं असेल तर गाडी घालायचीच नाही. मधे वाटसरूंनी रचलेला दगडांचा ढीग आहे, येणाऱ्याने आपला एक दगड आणून ठेवायचा. मुलीने आणि अण्णांनी मिळून एक ठेवला. आपल्याकडे डोंगरात ठेवतात तसाच.

अण्णा जानेवारीत परत गेले. पूर्वी फोनवर पहिला प्रश्न 'जेवलास का?' असायचा. आता 'तेल बघितलंस का?' असतो. बघितलं म्हटलं की मग "ती नळी?" नळीवरचा तो पाइपचा तुकडाही बघतो, दर महिन्याला. घासल्याची खूण आहे, पण पाइपवर, नळीवर नाही.

असो. पुढच्या वीकेंडला मागच्या डिफरन्शियलचं तेल बदलायचंय. व्हिडिओ कॉलवर देखरेख असणार आहे.