दोन भाषा, एक प्रिंटर

धारवाड, रविवार रात्र

घरातला लेझर प्रिंटर आज खऱ्या अर्थाने दोघांचा झाला. तो माझ्या लिनक्सच्या कॉम्प्युटरला जोडलेला, लेकीचा लॅपटॉप विंडोजचा. त्यामुळे दर वेळी तिला पेन ड्राइव्ह घेऊन माझ्या खोलीत यावं लागायचं. आज माझ्या लिनक्समधल्या ‘कप्स’ या छपाईच्या प्रणालीत प्रिंटर शेअर केला, ६३१ क्रमांकाचं पोर्ट उघडलं, तिच्या लॅपटॉपमध्ये त्याचा पत्ता आणि ड्रायव्हर भरला. थोड्या वेळाने तिचा कन्नड निबंध माझ्या टेबलावर उमटला. मन भरून आलं.

मायकेल स्वीट यांचं ‘कप्स’ १९९९ साली आलं. छपाईचं काम ते ‘आयपीपी’ या सामाईक बोलीत स्वीकारतं आणि प्रिंटरला समजेल अशा रूपात पुढे देतं. विंडोजलाही ती बोली येते.

दोन भाषांचा हा मेळ पाहून मला इथल्याच साधनकेरीचे कवी द. रा. बेंद्रे आठवले. मातृभाषा मराठी, कविता कन्नड; १९७३चं ज्ञानपीठ कन्नड काव्यासाठी. आमच्या घरातही स्वयंपाकघरात मराठी, अंगणात कन्नड. कुणी आपली भाषा सोडत नाही, तरी निरोप पोचतो. मला लेकीला हेच सांगायचं होतं. आज ते कागदावर दिसलं.