‘दोन मिनिटांचं तर काम आहे’

या दिवाळीत बहादरपुरला घरी गेलो, तेव्हा दादाने पहिल्याच संध्याकाळी मला ओट्यावर गाठलं. म्हणाला, “तू इंजिनिअर आहेस, तुझं ती ऐकेल. तिला सांग, आधी बी.ई. कर आणि मग हवी तेवढी चित्रं काढ.”

ती म्हणजे माझी पुतणी. यंदा बारावीला आहे. तिच्या वह्यांची मागची पानं कधी कोरी नसतात.

मी मान डोलावली. मला हे काम सोपं वाटलं. मी स्वतः बी.ई., पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. शाळेत मीही बरी चित्रं काढायचो. पुढे सोडून दिली आणि काही बिघडलं नाही. हेच तिला सांगायचं, असं ठरवून मी दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर बसलो.

तिने मला एक वही दाखवली. पण ती चित्रांची नव्हती, हिशोबाची होती. दोन वर्षांत कुणाला काय काढून दिलं, त्याची यादी. लग्नपत्रिकेवरचा गणपती, एका दुकानाची पाटी, शाळेच्या गॅदरिंगचा पडदा, शेजारच्या ताईंच्या ब्लाउजवरची नक्षी. प्रत्येक ओळीसमोर मिळालेले पैसे. बहुतेक ठिकाणी शून्य. त्यातल्या एका शून्याशेजारी लिहिलं होतं, ‘काका – ॲपची १४ चित्रं’.

मला आठवलं. मी आणि माझ्या मित्राने लहान मुलांसाठी अक्षरओळखीचं एक छोटं ॲप बनवलं होतं. तिला फोन करून मी म्हणालो होतो, “काढून दे ना, दोन मिनिटांचं तर काम आहे.” ते काम तिने सहामाही परीक्षेच्या आठवड्यात रात्री जागून केलं, हे मला वहिनींकडून आत्ता कळलं. ॲपवर आम्हा दोघांची नावं होती, तिचं नव्हतं. सर्व्हरचं भाडं मात्र आम्ही दर महिन्याला न चुकता भरत होतो.

मी विषय बदलायला बघत होतो, तर तिनेच विचारलं, “काका, आता मशीन चित्र काढतं. मग माझ्यासाठी काम उरेल का? खरं सांगा.”

मी फोन काढून केळीच्या बागेचं चित्र मागितलं. क्षणात आलं. हिरवंगार, सुंदर. तिने एकदा बघितलं आणि म्हणाली, “घड उलटा आहे.” खरंच, घडातली सगळी केळी खाली लोंबत होती. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं की घड खाली लटकतो, पण फणीतली केळी वरच्या बाजूला वळलेली असतात आणि टोकाशी केळफूल असतं. मी याच गावात वाढलो आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं.

म्हणून दादाचा निरोप मी तिला दिलाच नाही. सुट्टीचे उरलेले दिवस थोडी चौकशी केली. जे कळलं ते आपल्या मंडळातल्या इतर मुलामुलींच्याही उपयोगी पडेल, म्हणून इथे लिहितो आहे.

आधी दादाच्या प्रश्नाबद्दल. नोकरी सांभाळून चित्रं काढता येतात का? येतात. वसंत सरवटे सिव्हिल इंजिनिअर होते, एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरीला. ‘ललित’मधल्या जयवंत दळवींच्या ठणठणपाळाला चेहरा दिला तो सरवट्यांनी. हे उदाहरण दादाला फार आवडलं. मग मी त्याला शि. द. फडणीसांबद्दल सांगितलं. १९२५ साली बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी जन्मले, जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि आयुष्यभर चित्रांवरच जगले. ‘मोहिनी’ची मुखपृष्ठं तर केलीच, पण बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही त्यांची चित्रं होती. आणि दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचं ‘दीपावली’ मासिकच काढलं. तीन माणसं, तीन वाटा. त्यातली एकच खरी, असं कुणी म्हणू नये.

आपल्या बाजूलाही ही परंपरा आहेच. इंदूरला द. दा. देवळालीकरांच्या हाताखाली ना. श्री. बेंद्रे शिकले, हुसेन शिकले आणि विष्णू चिंचाळकर गुरुजीही शिकले. चिंचाळकरांनी तर फेकून दिलेल्या वस्तूंमधून मुलांना चित्र बघायला शिकवलं.

आता शिक्षण. बी.एफ.ए. करायचं तर इंदूरचं सरकारी ललित कला महाविद्यालय जवळ आहे आणि खर्चही आवाक्यात राहतो. डिझाइनकडे जायचं तर यूसीड ही प्रवेश परीक्षा बारावीच्या कोणत्याही शाखेच्या मुलांना देता येते. तिच्यातून मुंबईच्या आयआयटीत किंवा जबलपूरच्या ट्रिपल आयटीत बी.डिझ.ला जाता येतं. एनआयडीची परीक्षा वेगळी असते आणि तिचं एक केंद्र आता भोपाळलाही आहे. मात्र डिझाइनच्या संस्थांची फी लाखांत जाते. कर्ज काढायचं असेल तर घरच्यांबरोबर आधी कागदावर हिशोब मांडा.

काम कुठे मिळतं? मुलांच्या पुस्तकांचं मोठं काम आपल्या भोपाळलाच चालतं. एकलव्य संस्थेचं ‘चकमक’ १९८५ पासून निघतं आणि त्यात मुलांनी काढलेली चित्रंही छापतात. भोपाळच्याच एकताराची ‘प्लूटो’ आणि ‘साइकिल’ ही नियतकालिकं एकदा हातात घेऊन बघा. पुण्यात ज्योत्स्ना प्रकाशन आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर शेकडो चित्रकारांची पुस्तकं फुकट वाचता येतात, तेही मराठीत. याशिवाय गेम, ॲनिमेशन, पाठ्यपुस्तकं, वैद्यकीय आकृत्या, पॅकिंगची खोकी आणि कापडावरची डिझाइनं. ज्या गावात घरोघरी पॉवरलूम चालतात, त्या गावाला कापडावरची डिझाइनं हे काम वेगळं समजावून सांगायला नको.

मशीनबद्दल मी तिला खरं तेच सांगितलं. छोटी, स्वस्त, कुणाच्याही लक्षात न राहणारी चित्रं मशीन करू लागलं आहे. आमच्याच ऑफिसात प्रेझेंटेशनसाठी आता कुणी चित्रकाराला फोन करत नाही. सुरुवातीची वर्षं कमाई अनियमित असेल, हेही खरं. म्हणून पोर्टफोलिओमध्ये इंटरनेटवर बघून काढलेले सुंदर चेहरे भरू नका. तापीचा घाट, केळी मंडीतली सकाळ, लूमवर बसलेली माणसं जागेवर बसून काढा. एक गोष्ट घ्या आणि आठ पानं पूर्ण करा. पहिल्या पानावरची मुलगी आठव्या पानावरही तीच वाटली पाहिजे, पाठमोरी असली तरी. पंधरा चित्रं पुरेत, पण शेवटपर्यंत नेलेली हवीत.

आणि कागद. आम्ही प्रोग्रामर ओळीओळीचा करार करतो. चित्रकार मात्र लाजतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन काढलेल्या पेंटिंगचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाराच ठरतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. म्हणून काम घ्यायच्या आधी साध्या व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्या. किती चित्रं, कशासाठी, कितीदा बदल करायचे, पैसे कधी, आणि नाव कुठे येणार.

जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात गेलो. हमामाच्या छतावरची नक्षी ती मान मोडेपर्यंत बघत होती. रंग पुसट झालेत, पण फुलं ओळखू येतात. तिथे राहणाऱ्या बादशहा-बेगमांची नावं आपण शाळेत पाठ केली. ती फुलं काढणाऱ्यांचं एकही नाव आपल्याला माहीत नाही. ती काही बोलली नाही, मीही नाही.

घरी आल्यावर मी तिला १४ चित्रांचा भाव विचारला. बराच वेळ विचार करून म्हणाली, एका चित्राचे ५००. मी ७००० रुपये पाठवले. ॲपमध्ये तिचं नाव टाकायला मला खरोखरच दोन मिनिटं लागली.

दादा अजून पुरता पटलेला नाही. यूसीडचा फॉर्म त्याने भरू दिला, पण जेईईचाही भरायला लावला. त्याचं काळजी करणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण वहीतल्या त्या ओळीसमोरचं शून्य तिने खोडलं, तेव्हा तो शेजारी उभा होता. ती वही त्याने हातात घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली.

आपल्याही घरात असं एखादं पोर असेल. पुढच्या लग्नाची पत्रिका त्याच्याकडून काढून घ्याल, तेव्हा आधी भाव विचारा.