आठवणींचें जागाभाडें

मनुष्याच्या स्मरणशक्तीला कोठाराची उपमा देण्याची चाल फार जुनी आहे. परंतु त्या कोठाराच्या प्रत्येक खणाला निराळी किंमत पडावी, ही कल्पना मात्र जुन्या तत्त्वज्ञांपैकीं कोणाला सुचलेली दिसत नाहीं. ती प्रत्यक्षांत येण्यास स्मार्टफोन जन्मास यावा लागला. आज जो कोणी फोन घ्यावयास दुकानांत जातो, त्याला दुकानदार पहिल्याच दमांत विचारतो, 'किती जीबीचा पाहिजे?' प्रश्न साधा दिसतो. पण त्याचा खरा अर्थ, 'येत्या चार-पांच वर्षांत तुम्ही काय काय जपून ठेवणार आहां, तें आतांच सांगा,' असा आहे. ज्योतिष्यालाही जें सांगतां येणार नाहीं, तें गिऱ्हाइकानें उभ्या उभ्या सांगावयाचें, आणि अंदाज चुकल्यास त्याचा दंडही आपणच भरावयाचा!

हा दंड केवढा असतो, याचें एक उदाहरण घेऊं. 2023 च्या सप्टेंबरांत आयफोन 15 आपल्या देशांत आला, तेव्हां 128 जीबीच्या फोनाची किंमत 79,900 रुपये, 256 जीबीच्याची 89,900 आणि 512 जीबीच्याची 1,09,900 रुपये होती. तिन्हींचा कॅमेरा तोच, पडदा तोच, आंतली चीप तीच. फरक काय तो पोटांतल्या जागेचा. हिशेब केला म्हणजे असें दिसतें कीं, वाढीव जागेचा दर जीबीमागें सुमारें 78 रुपये पडतो, आणि जागा 128 जीबीनें वाढवा कीं 384 नें, त्यांत एका पैचीही सूट नाहीं. वाण्याच्या दुकानांतसुद्धां पोतें घेणाराला किलोभर घेणारापेक्षां स्वस्त मिळतें. येथें मात्र घाऊक आणि किरकोळ हा भेदच नाहीं. त्याच सुमारास 128 जीबीचें मेमरी कार्ड बाजारांत हजार रुपयांच्या आसपास मिळत होतें. फोनाच्या पोटांतली जागा कार्डापेक्षां पुष्कळच चपळ असते, हें मान्य केलें पाहिजे. परंतु ती चपळता जमेस धरूनही हजाराचे दहा हजार कसे होतात, हें कोडें केवळ यंत्रशास्त्रानें सुटत नाहीं.

अर्थशास्त्राच्या वर्गांत तें सोडवून दाखवितांना मी ज्यूल द्युपुई या फ्रेंच इंजिनियराचा दाखला देतों. त्याच्या काळीं कांहीं आगगाड्यांच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे. छपराचा खर्च तो किती? पण 1849 सालीं लिहिलेल्या एका लेखांत द्युपुईनें दाखवून दिलें कीं, छप्पर न घालण्याचें कारण खर्चाची बचत हें नसून, ज्याला दुसऱ्या वर्गाचें भाडें परवडतें त्यानें तिसऱ्या वर्गांत बसूं नये, हें आहे. गरीब उतारूंशीं कंपनीचें वैर नसतें. श्रीमंताला भिववावयाचें म्हणून गरिबाला पावसांत भिजवावयाचें, एवढेंच. फोनांतली कमींत कमी जागा ही अशीच बिनछपराची गाडी आहे. ती मुद्दाम थोडी अपुरी ठेवली म्हणजे ज्याच्या खिशांत दहा हजार अधिक आहेत, तो आपण होऊन वरच्या वर्गाचें तिकीट काढतो.

या दृष्टीनें मेमरी कार्डाच्या खांचेचा इतिहास वाचण्यासारखा आहे. सॅमसंगनें आपल्या उंची फोनांतून ही खांच 2015 सालीं काढली, 2016 सालीं परत आणली, आणि 2021 सालीं पुन्हां काढून टाकली. आयफोनाला ती कधींच नव्हती. खांच असली म्हणजे फोनांत पाणी शिरतें, असा एक आक्षेप घेतात. पण 2016 सालचा खांच असलेला गॅलेक्सी एस 7 पाण्यांतही टिकाव धरणारा होता. ज्याला खांच मिळत नाहीं, त्याला मग दूरच्या कोठारांत जागा भाड्यानें घ्यावी लागते. गूगलनें 31 मे 2021 पर्यंत छायाचित्रांना, थोडीं दाबून बसवूं दिल्यास, हवी तेवढी जागा फुकट दिली, आणि 1 जूनपासून प्रत्येक नवें छायाचित्र 15 जीबीच्या हिशेबांत धरावयास आरंभ केला. सवय पुरती जडल्यावर दर लावणें ही व्यापाराची रीत कांहीं नवी नव्हे. आणि हें भाडें असें कीं, तें थकलें तर सामान रस्त्यावर येण्याची धास्ती जन्मभर बाळगावी.

येथवर हें सारें सुखवस्तु माणसांचें रडगाणें आहे, असें कोणी म्हणेल, तर त्याचें म्हणणें अगदींच वावगें नाहीं. परंतु फोन एकाच हातांत मरत नाहीं. तो थोरल्या भावाकडून धाकट्या बहिणीकडे येतो, आणि त्याची जागा जन्मतः ठरलेली असल्यामुळें पहिल्या धन्यानें वांचविलेले रुपये दुसऱ्या धन्याच्या पदरीं टंचाई होऊन येतात. माझ्या वर्गांतल्या एका मुलीजवळ असाच, भावानें वापरून जुना केलेला, 64 जीबीचा, बिनखांचेचा फोन आहे. ग्रंथालयांतलीं पुस्तकें ती विकत घेऊं शकत नाहीं, म्हणून त्यांच्या पानांचीं छायाचित्रें घेते. तोच तिचा फळा, तीच तिची वही. परीक्षेच्या आदल्या रात्रीं, वसतिगृहांत, मैत्रिणीचीं टिपणें उतरवून घेतां घेतां 'जागा शिल्लक नाहीं' अशी सूचना पडद्यावर आली. प्रथम गाणीं गेलीं, मग लग्नांतल्या वरातीचीं चित्रें गेलीं. अखेरीस उरला तो तिच्या आजीचा एक व्हिडिओ. जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्यांचीं चाळीस मिनिटें, म्हणजे सुमारें पांच जीबी. आजी आदल्या वर्षीं वारली होती. मुलीनें त्यांतलीं तीन मिनिटें ठेवलीं आणि बाकीचीं पुसून टाकलीं. पुढें कधींतरी सहज बोलण्याच्या ओघांत ती मला म्हणाली, "सर, माझ्या नांवाची ओवी तेवढी ठेवली."

त्या आजीनें शेंकडों ओव्या डोक्यांत सांठविल्या होत्या, त्याला कोणतेंही भाडें पडलें नव्हतें, हें मला ठाऊक आहे. निवड करणें, गाळणें, थोडक्यांत सांगणें हे गुण मी स्वतः तीस वर्षें विद्यार्थ्यांना शिकवीत आलों आहें. हजारों छायाचित्रें जमवून त्यांतलें एकही न पाहणाऱ्या मंडळींविषयीं मला आदर नाहीं. पण सवडीनें केलेली निवड आणि रात्रीं अकरा वाजतां, पुस्तक कीं आजी, अशा पेचांत सांपडून केलेली निवड या एक नव्हेत. पहिलीला आपण रसिकता म्हणतों. दुसरी ही गरिबीचीच एक नवी तऱ्हा आहे, आणि तिची नोंद कोणत्याही पाहणींत होत नाहीं, कारण जें पुसलें गेलें त्याची खूण मागें राहत नसते.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. प्रत्येक कंपनीनें विद्युत्भरणाची आपापली निराळी तार विकावी, हा प्रकारही एके काळीं अटळच वाटत असे. परंतु युरोपीय संघानें कायदा केला, आणि 28 डिसेंबर 2024 पासून तेथें विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांना यूएसबी-सी हें एकच तोंड असणें सक्तीचें झालें. तारेच्या तोंडाविषयीं जें करतां आलें, तें नखाएवढ्या खांचेविषयीं करतां येऊं नये, असें नाहीं. भाड्याच्या खोलींत राहणाऱ्यालासुद्धां भिंतींत एक खुंटी ठोकण्याची मुभा असते. आणि येथें तर घर, निदान पावतीवर तरी, आपल्या मालकीचें आहे.