बी.के.

दादाच्या रक्ताच्या रिपोर्टवर ‘बी.के. व्हायरस’ असं वाचल्यावर मी आधी ती दोन अक्षरं कशाची, हे शोधलं. धंद्याची सवय. ती एका माणसाची आद्याक्षरं निघाली. १९७१ साली लंडनमध्ये, मूत्रपिंड-प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत हा विषाणू पहिल्यांदा सापडला. माणूस निनावी राहिला, अक्षरं विषाणूला चिकटली. यांचं भाषांतर काय करणार?

नोएडाहून दिल्लीला तपासणीसाठी जाताना दुभाषी मीच असते. डॉक्टर हिंदी-इंग्रजीत बोलतात, आईला मराठीच हवं. ‘रिजेक्शन’साठी छापील पत्रकांत ‘अस्वीकार’ असतो, मी ‘शरीर नाकारतं’ म्हणाले, तर आई लगेच म्हणाली, “सोयरीक नाकारतात तसं.” ‘प्रतिकारशक्ती’ मात्र जड गेला. ती आयुष्यभर वाढवायची गोष्ट! नागपूरहून मावशीने गुळवेलीच्या गोळ्या पाठवल्या, त्या तशाच परत करताना तिला काय सांगावं कळेना. दादाची प्रतिकारशक्ती आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ, बारा तासांच्या अंतराने, टॅक्रोलिमस देऊन मुद्दाम दाबतो. आणि वर दिल्लीचा ऑक्टोबर: डेंगू, धूर, घरात ज्याला त्याला खोकला.

बी.के.वर खात्रीचं औषध नाही. दाबणाऱ्या गोळ्या थोड्या कमी करायच्या आणि शरीराने त्याला आवरायची वाट बघायची. फार कमी केल्या तर शरीर मूत्रपिंडच नाकारेल. नाही केल्या तर विषाणू ते पोखरेल. डॉक्टरांनी डोस उतरवला. आता दर पंधरा दिवसांनी रक्त.

मूत्रपिंड वहिनीचं आहे. हा विषाणू बहुतेकांच्या शरीरात लहानपणीच शिरतो आणि मूत्रपिंडात गप्प पडून राहतो. प्रत्यारोपणात तो बरेचदा दात्याच्या मूत्रपिंडातूनच येतो. डॉक्टरांनी हे इंग्रजीत, सहज सांगितलं. वहिनी तेव्हा औषधांच्या रांगेत होती. आईसाठी मी एवढंच मराठीत आणलं: “गोळ्या कमी केल्यात, पंधरा दिवसांनी बघू.”

रात्री भांडी आवरताना वहिनीने विचारलं, “आला कुठून गं हा?”

“बऱ्याच जणांच्यात असतो. लहानपणापासून.”

वाक्य खरं आहे. दुसरं वाक्यही खरं आहे, आणि ते ऐकायचा सगळ्यात जास्त हक्क तिचाच. घड्याळात आठ वाजले. तिने हात पुसले आणि दादाची गोळी काढायला गेली.